काट्यावर पाठमोरी

४ मार्च

प्रिय ढबू,

पाकिटावरचं अक्षर मावशीचं आहे, आतलं माझं. माझं अक्षर बघितलं असतंस तर पाकीट तसंच ठेवून दिलं असतंस, म्हणून ही लबाडी केली. तुझा पत्ता मला माहीत नाही. मावशीने सांगितला नाही आणि मीही खोदून विचारला नाही. तीच पुढे टाकते म्हणाली.

घाबरू नकोस, जुनं काही उकरायला बसलेली नाही. एक साधी गोष्ट विचारायची आहे. फोनमध्ये खाणं आणि चालणं मोजणारी ॲप्स असतात ना, त्यातलं कोणतं घ्यावं? तू मुलांना पोहायला शिकवतेस असं कळलं, म्हणजे व्यायामातलं तुला कळत असणार.

झालं असं की गुडघ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांचे पांढरे कोट मीच शिवते. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला आहे, हे त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नसेल, मला आहे. त्या सहज म्हणाल्या, वजन थोडं उतरवा, काय खाता आणि किती चालता त्याची नोंद ठेवा. मी म्हटलं, वहीत लिहीन. तर म्हणाल्या, वही ठेवली की विसरते, फोन कुणी विसरत नाही. काळजीचं काही नाही, सहजच म्हणाल्या.

खालच्या मजल्यावर बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला आलेत. टोपी घालतात म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांनी माझ्या फोनवर शोधून दिलं, तर यादी संपेचना. बोट सरकवून सरकवून दुखायला लागलं. एकात उंची विचारतात, एकात कमरेचा घेर, एकात झोप. एकाने विचारलं, ‘तुमचं स्वप्नातलं वजन किती?’ मी कॅप्टनना म्हटलं, स्वप्नात मी नेहमी कात्री शोधत असते, वजन करायला वेळ कुठे मिळतो. ते बिचारे गंभीरपणे म्हणाले, “ताई, आकडा टाका काहीतरी, नाहीतर पुढचं पान उघडत नाही.”

मी काहीतरी टाकलं. तेव्हा तीन ॲप्स घेतली आहेत. तिन्ही वापरून बघणार. कापड घेतानासुद्धा मी एकाच दुकानात घेत नाही, तुला माहीतच आहे.

कळव सवडीने.

आई

१५ मार्च

प्रिय ढबू,

उत्तर नाही आलं, येईल असं धरलंही नव्हतं. पण इकडे इतक्या गमती चालल्यात की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं ॲप फोटोवालं. ताटाचा फोटो काढायचा, ते ओळखून सांगतं की यात किती उष्मांक. पाव ओळखला. अंडं ओळखलं. मग मला खोड सुचली. टाचण्यांच्या लाल उशीचा फोटो काढला, तर म्हणे ‘फळांचा केक, एक तुकडा, दोनशे चाळीस’. गुंडाळलेली पिवळी इंचपट्टी दाखवली, तर ‘उकडलेले नूडल्स, एक वाटी’. कॅप्टननी स्वतःचा हात कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर ते बराच वेळ फिरत राहिलं आणि म्हणालं, ‘ओळखता आलं नाही, उजेडात या.’ ते दिवसभर हसत होते.

दुसरं पावलं मोजणारं. त्यात खाण्याचं काही नाही. फोन एप्रनच्या खिशात ठेवून मी मशीनवर बसले. शाळेच्या गणवेशांची घाई होती, सकाळपासून उठलेच नाही. दुपारी चहाला बघते तर नऊ हजार चारशे पावलं. त्याने टाळ्या वाजवल्या आणि रंगीत कागद उडवले. मला कळेना. मग लक्षात आलं, पायमशीन. पाय वरखाली झाले की त्याला वाटतं बाई चालतेय. मग मी तपासायलाच बसले. लांब शिवण मारली की भराभर पावलं पडतात. बाही जोडताना तुटक तुटक. काज-बटण करताना एकही नाही, कारण ते हातानं. एका शर्टाला चारशे दहा पावलं, मी तीनदा मोजून बघितलं.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. चौतीस वर्षं मी एका खुर्चीवर बसून कुठपर्यंत चालत गेले असेन? तू पाळण्यात होतीस तेव्हा मशीनच्या आवाजाशिवाय झोपायची नाहीस. मशीन थांबलं की डोळे उघडायचीस. म्हणजे तुला घेऊनच चालत होते म्हणायची.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हे चालणं नाही. आणि त्या गुडघ्याने मशीन चालवणं आता बंद करा असं मी मागेच सांगितलं होतं.” तसं त्या बोलतात. त्यांचं मनावर घ्यायचं नसतं. घराबाहेर जाताना एक काठी घेते, बास.

तिसऱ्या ॲपमध्ये एक चिमणी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहीन. मला वाटतं, चिमणीच ठेवावी.

आई

२ एप्रिल

प्रिय ढबू,

चिमणीच ठेवली. बाकीची दोन्ही बाजूला केली.

ही चिमणी फांदीवर बसलेली असते. तुम्ही जे खाल ते तिला सांगायचं. रोजचे तेराशे उष्मांक ठरवून दिलेत. त्याच्या आत राहिलात की ती गाते. वर गेलात की मान खाली घालते. रागवत नाही. नुसती मान खाली घालते आणि खाली अक्षरं येतात, ‘आज आपण थोडं चुकलो.’ आपण म्हणते. तिने काय चुकवलंय?

पहिल्या आठवड्यात एक किलो दोनशे ग्रॅम उतरलं. दुसऱ्यात नऊशे. मग तीनशे. आता तीनशेवर अडलंय. सकाळचा पाव एकशे साठ, त्यावरचं लोणी सत्तर, चहाची साखर चाळीस, केळं शंभर. सगळं पाठ झालंय. डोळे मिटले तरी आकडे दिसतात. गिऱ्हाइकाची छाती छत्तीस लिहायची तिथे परवा एकशे साठ लिहिलं.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून सांगते. गेल्या मंगळवारी दुपारी मला फार भूक लागली. आणि त्या दिवशीचे उरले होते फक्त नव्वद. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उभी राहिले आणि पावाचे दोन तुकडे खाल्ले. चिमणीला सांगितलं नाही. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही, असं मीच ठरवलं. फोन बाहेरच्या खोलीत होता तरी मी दाराकडे पाठ करून खात होते. एकसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःचा पाव.

चावता चावता मला ती चिंध्यांची गोणी आठवली.

तू पंधराची होतीस. कटिंगच्या चिंध्यांची गोणी रिकामी करायला घेतली, तर खाली पावाच्या कडा निघाल्या, वाळून खडखडीत झालेल्या. बाहेर दोन बायका ट्रायलला आल्या होत्या. मी त्या कडा त्यांच्यासमोर टेबलावर मांडल्या आणि तुला हाक मारली. अकरा होत्या. तू आलीस, टेबलाकडे बघितलंस. आपली मागच्या दाराने निघून गेलीस. मी त्या बायकांना म्हणाले होते, “बघा, जेवायला दिलेलं चोरून टाकते आणि चोरूनच खाते.” त्यांना हसू आलं. मलाही.

मी तुझ्या वाईटावर नव्हते. गिऱ्हाइकांच्या मुलींची मापं रोज घेत होते, तुझं कसं घेणार नाही? दर महिन्याच्या एक तारखेला कपाटाच्या दाराआड उभी करून कमर मोजायची आणि पेन्सिलीने लिहायचं, इतकंच तर होतं. अर्धा इंच वाढला की मी तुझी एक पोळी कमी करायची. बाप नसलेली मुलगी नीटनेटकी दिसावी, लोकांनी बोट दाखवू नये, असं वाटायचं. ढबू हे तर लाडानं.

असो. मुद्द्याचं राहिलंच. चिमणीमध्ये एक सोबती जोडता येतो. आपण काय खाल्लं ते त्याला रोज दिसतं आणि त्याचं आपल्याला. कॅप्टन तयार आहेत, पण परक्या माणसाला माझं ताट कशाला दाखवू? तू नंबर दिलास तर तुझा टाकू का? तुला माझं दिसेल, मला तुझं. बोलायचं काही कारण नाही. नुसतं बघायचं.

आई

१३ एप्रिल

बाळा,

काल मावशीचा फोन आला. तिने विचारलं, “ताई, तू तिला काय लिहिलंस?” मी म्हटलं, काही नाही गं, ॲपचं. तर म्हणाली, “मला वाच.” माझ्याकडे नक्कल नव्हती, आठवेल तसं सांगितलं. एक किलो दोनशे, नऊशे, एकशे साठ, सत्तर, सगळं. सोबतीचंही सांगितलं.

मग म्हणाली, “तिने दोन दिवस काही खाल्लं नाही. ताटाकडे सरळ बघायला त्या पोरीला अकरा वर्षं लागली. आणि तू तिला आकडे पाठवतेस, वरून तिचं ताट बघायला मागतेस. मीच पाकिटावर पत्ता घातला. माझेच हात जळावेत. आणि ते ढबू म्हणणं सोड.”

माझ्या तोंडून निघालं, “लाडानं म्हणते गं.” ती म्हणाली, “तुला लाडानं. तिला काय ऐकू येतं?”

मी फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. हातात काम नव्हतं. सुई नुसतीच चालवली, दोरा न घालता. कापडाला भोकं पडत होती.

तू सतरा वर्षांची असताना जिन्यात पडलीस. मी तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ही जेवते का. मी छाती पुढे काढून सांगितलं, “हो तर. मी स्वतः मोजून घालते.” त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, तुम्ही जरा बाहेर थांबा. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मला त्यांचा राग आला. अकरा वर्षं मला त्या डॉक्टरांचा राग होता. त्यांनी तुला माझ्यापासून तोडलं, मावशीकडे जायची चिठ्ठी दिली, असं मी सगळ्यांना सांगत आले. तू आत त्यांना काय सांगितलंस, ते मला काल कळलं. म्हणजे कळलं तेव्हाच होतं. काल ऐकू आलं.

आणखी एक. मी तुला खरं लिहिलेलं नाही. वजन उतरवायचं ते सहज नाही. दोन्ही गुडघे गेलेत. डावा बदलायचाच आहे, आणि भूल देण्याआधी वजन उतरलं पाहिजे अशी डॉक्टरीणबाईंची अट आहे. नाही बदलला तर दुकान बंद. गणवेशांचं काम या हंगामात निम्मं परत केलं. दोनदा पडले. एकदा रस्त्यात पडले, कॅप्टननी उचलून आणलं. तुला हे कळलं की तू येशील असं मनात होतं आणि तू दयेपोटी यावंस असंही वाटत नव्हतं. म्हणून ॲपच्या आडून लिहीत बसले.

चिमणी काढून टाकली. जाताना विचारत होती, ‘खरंच निघालात?’ मी हो म्हटलं.

यापुढे तुला पत्र लिहिणार नाही, तू लिही म्हणेपर्यंत. मावशीलाही हे शेवटचं पाठव म्हटलंय, तेही आधी तिने वाचून.

आई

६ मे

बाळा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बारा ओळी आहेत. पहिल्या सातांत तू जे लिहिलंस त्यावर मी काही बोलणार नाही. बोलले तर माझी बाजू सांगायला लागेन, माझा मला भरवसा नाही. वाचलं. पुन्हा वाचलं. एवढंच.

आठव्या ओळीत तू विचारलंस, ‘पायमशीनवर एका फ्रॉकला किती पावलं पडतात? हा एक आकडा चालेल.’ मला वाटलं आपल्या वाचण्यात चूक होतेय. कॅप्टनना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, “विचारलंय खरं.” मला मशीनवर बसायची बंदी आहे, म्हणून मीच त्यांना बसवलं. बस चालवलेला माणूस, पण मशीन उलटं फिरवून त्यांनी चार वेळा दोरा तोडला. तर कळवा मुलीला, म्हणाले, की नवशिक्याला सहाशे तीस, त्यात फ्रॉक होत नाही.

शेवटच्या ओळी मात्र मी कापून पाकिटात घालून दवाखान्यात घेऊन गेले. ‘दवाखान्यात मला काट्यावर पाठमोरी उभी करायचे. आकडा नर्स बघायची आणि लिहून घ्यायची, मला सांगायची नाही. मी समोरची भिंत बघायची. तुला वजन करायचंच असेल तर तसं कर. दरवेळी पोटात गोळा येतो तो येणार नाही.’

तुला कसं कळलं की माझ्या पोटात गोळा येतो? मी तर लिहिलं नव्हतं.

नर्सबाईंना म्हटलं, मला उलटं उभं राहायचंय. त्या म्हणाल्या, “चक्कर येते का?” मी म्हटलं, नाही, मुलीने सांगितलंय. मग त्यांनी काही विचारलं नाही. मी काट्याकडे पाठ केली आणि समोर बघितलं. समोर दार होतं आणि दाराला खुंटी, खुंटीवर डॉक्टरीणबाईंचा कोट. मीच शिवलेला. खालची दुमड एका बाजूने उसवली होती. इतके दिवस या खोलीत येते, मला ती दिसली नव्हती. मी खाली बघत होते ना.

नर्सबाईंनी लिहून घेतलं, “उतरा” म्हणाल्या. मी विचारलं नाही. विचारायचं फार मनात होतं, खोटं कशाला बोलू. दाराबाहेर येऊन दोन मिनिटं थांबले, पुन्हा आत जावंसं वाटत होतं. मग कॅप्टन म्हणाले चला, आणि गेलो.

ॲप एकच ठेवलंय, पावलांचं. त्यातही कॅप्टननी कुठे काय दाबलं कोण जाणे, आता आकडा दिसत नाही. संध्याकाळी एक घंटा वाजते, म्हणजे बाई उठा आणि जरा फिरून या. आम्ही कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानापर्यंत जातो आणि परत येतो. खाण्याचं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी कागदावर लिहून दिलंय. काय खायचं ते लिहिलंय, किती ते नाही. मी मुद्दाम तसं मागून घेतलं.

शस्त्रक्रिया आठ जुलैला ठरली आहे. ये म्हणत नाही. तारीख कळवते, एवढंच.

आई

२९ जुलै

बाळा,

तू गेल्यावर हे पहिलं पत्र. टाके निघाले. गुडघा वाकतो, कुरकुरतो, पण वाकतो. मावशी पुढच्या महिनाअखेरीपर्यंत इथेच आहे आणि मला मशीनच्या खोलीत जाऊ देत नाही, कडी घालते.

तू चार दिवस आलीस. आपण फार बोललो नाही. तू जे बोललीस ते मी धरून ठेवलंय, अगदी त्याच शब्दांत. तू म्हणालीस, “आई, मी आले म्हणजे सगळं मिटलं असं समजू नकोस.” मी म्हटलं, नाही समजत. तू म्हणालीस, “पुन्हा कधी येणं-बोलणं मध्येच बंद करावंसं वाटेल मला.” मी म्हटलं, बंद कर. पुन्हा उघडशील तेव्हा उघड. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलंस.

तू दवाखान्यात खोलीच्या दारात उभी राहिलीस तेव्हा माझ्या तोंडाशी काय आलं होतं, ते कबूल करते. अकरा वर्षांनी बघत होते, आणि डोळ्यांनी आपलं आपण माप घेतलं. खांदा, छाती, कमर. चौतीस वर्षांची सवय, डोळे कुणाला विचारत नाहीत. आकडा जिभेवर आला. मी पाण्याचा पेला उचलला आणि घोट घेतला, आणि म्हटलं, “प्रवास कसा झाला?” तुला वाटलं असेल आई कोरडी आहे. कोरडी नव्हते गं. तोंड भरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ मला सारखी आठवते. नर्स मला चालवून गेली होती. तू पोहायला येणाऱ्या त्या लहान मुलाचं सांगत होतीस, जो पाण्यात तोंड घालायला तयार नव्हता आणि तू त्याला तीन आठवडे नुसतं काठावर बसवलंस, पाय पाण्यात सोडून. मी विचारलं, मग घातलं का तोंड? तू म्हणालीस, “एक दिवस स्वतःच घातलं. मी बघत नव्हते तेव्हा.”

मग तू पिशवीतून डबा काढलास. खुर्ची ओढून खिडकीशी बसलीस आणि डबा मांडीवर ठेवलास. उघडला नाहीस. मला कळलं. मी उशीवर कूस बदलली, जितकी बदलता येत होती तितकी, आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर काही नव्हतं. रंग होता, फिकट हिरवा, आणि पलंग घासून पडलेला एक ओरखडा.

झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चमच्याचा. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तू मध्येच म्हणालीस, “आई, झोपलीस का?” मी म्हटलं, नाही, जागी आहे. तू म्हणालीस, “बरं.” आणि पुन्हा चमच्याचा आवाज आला.

मावशीने परवा विचारलं, इथे असताना ती नीट जेवली का गं? मी सांगितलं, जेवली. ती म्हणाली, किती?

मला माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही.

आई